खेळ कुणाचा, अभिमान कुणाचा?

प्रास्ताविक

२४ ऑगस्ट २०१८ या दिवसापासून आपण या विषयाला सुरुवात करू. इंडोनेशियात आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. त्या दिवशी पालेम्बांग येथे, चौघांनी मिळून वल्हवायच्या नौकेच्या शर्यतीत भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांपैकी एक होते दत्तू भोकनळ, नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचे. त्याच दिवशी जकार्ता येथे महिला कबड्डीचा अंतिम सामना झाला आणि भारतीय संघ इराणकडून २४-२७ असा पराभूत झाला. विजयी इराणी संघ घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. त्याही नाशिकच्याच.

म्हणजे ज्या खेळाशी आपल्या मातीचा फारसा संबंध नाही, त्यात पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावच्या तरुणाने देशाला सुवर्ण मिळवून दिले. आणि ज्याला आपण ‘आपला खेळ’ म्हणतो, त्यात नाशिकच्याच एका शिक्षिकेच्या विद्यार्थिनींनी आपल्याला हरवले. नाशिककराने त्या संध्याकाळी नेमका कशाचा अभिमान बाळगावा?

प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. त्याचे उत्तर देऊ लागलो की मात्र आपण एरवी एकत्र गुंडाळून ठेवलेल्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. लोक प्रत्यक्ष काय खेळतात, केव्हा आणि कुठे खेळतात, ती झाली क्रीडासवय. लोक कोणत्या खेळातील जयपराजय स्वतःचा मानतात, तो झाला क्रीडाभिमान. काही देशांत या दोन्ही गोष्टी एकाच खेळात सापडतात. काही देशांत सवय एका खेळाची असते आणि अभिमान दुसऱ्याच खेळाचा. भारत हा दुसऱ्या प्रकारचा देश आहे.

सवय कशी लागते?

आपणांपैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. त्यामुळे नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील सातपूरचे उदाहरण आपल्याला परके वाटणार नाही. मूळचे सातपूर गाव, त्याला लागून उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आणि तिच्या आधाराने वाढलेल्या सातपूर कॉलनी, अशोकनगर, शिवाजीनगर, कामगारनगर या वस्त्या. येथे खानदेशातून, मराठवाड्यातून, जिल्ह्याच्या आदिवासी भागातून आणि अलीकडे उत्तर भारतातून आलेली माणसे राहतात. त्यांचा दिवस पाळीने बांधलेला असतो. पहिल्या पाळीचा कामगार दुपारी मोकळा होतो, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीच्या सुमारास, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांची सुट्टी एका दिवशी येईलच असे नाही.

अशा दिनक्रमात कोणता खेळ बसतो? कबड्डीचा हिशेब पाहा. पुरुषांच्या सामन्याला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागते. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. साहित्य काहीच नाही. तासाभरात सामना संपतो आणि माणूस जेवून झोपू शकतो. महाराष्ट्राच्या औद्योगिक वस्त्यांमध्ये कबड्डी रुजली, यामागे परंपरेचा वाटा आहेच. पण या साध्या हिशेबाचा वाटा मला अधिक मोठा वाटतो. १९५३ साली स्थापन झालेले महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या कबड्डी स्पर्धा भरवते, त्यामुळे या सवयीला संस्थेचा आधारही मिळाला. क्रिकेटला मात्र कामगार वस्तीत शिरताना स्वतःचे अंग आखडून घ्यावे लागले. टेनिसचा चेंडू, मोजकी षटके, भिंतीला लागला तर बाद, आणि रविवारची सकाळ.

सवय घडवण्यात कारखाना किती पुढे जाऊ शकतो, हे जपानने दाखवले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघातील बहुतेक खेळाडू ओसाकाजवळच्या काइझुका येथील एका कापडगिरणीच्या नोकरदार होत्या. दिवसा गिरणीत काम आणि नंतर रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा क्रम होता. व्हॉलीबॉल हा मूळचा अमेरिकेतील खेळ. जपानी गिरण्यांनी तो आपल्या कामगार स्त्रियांसाठी उचलला आणि त्यातून जगज्जेता संघ उभा राहिला. आपल्याकडेही रेल्वे, पोलीस, लष्कर, बँका यांचे संघ आहेत. ‘खेळाडूला नोकरी’ ही आपल्या ओळखीची वाट आहे. फरक इतकाच की आपल्याकडे बहुधा खेळाडू आधी घडतो आणि नोकरी मागाहून लागते.

या नियमाला अपवाद म्हणून दत्तू भोकनळ यांच्याकडेच पाहता येईल. घरच्या गरिबीमुळे मजुरी केलेला हा तरुण २०१२ साली लष्करात दाखल झाला आणि वल्हे त्याच्या हाती आले ते तेथे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. गावात नदीला पाणी असते तर तो लहानपणीच वल्हवू लागला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पाणी असलेल्या गावांतून तरी किती वल्हेकरी निघाले? येथे भूगोलापेक्षा संस्था बलवत्तर ठरली.

उलट उदाहरण कविता राऊत यांचे. हरसूल परिसरातील सावरपाडा हे त्यांचे गाव. डोंगरवाटांनी पाण्यासाठी आणि शाळेसाठी करावी लागणारी पायपीट ही त्यांच्या धावण्याची पहिली शाळा होती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीत या स्पर्धेचे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक घेतले. नॉर्वेच्या लोकांविषयी असे सांगतात की ते पायांत स्की घालूनच जन्माला येतात. तिथला बर्फ आणि इथला डोंगर यांत एक भेद विसरता येत नाही: नॉर्वेचे मूल हौसेने बर्फावर जाते, सावरपाड्याची मुलगी पाणी भरायला जात होती. कष्टाला सवय म्हणून गौरवताना आपण जरा थांबावे.

अभिमान कशाशी जोडला जातो?

सवयीला जागा आणि वेळ पुरते. अभिमानाला मात्र प्रतिस्पर्धी लागतो. समोर कोण आहे, यावर ‘आम्ही’ कोण हे ठरते.

आयर्लंडचे उदाहरण या दृष्टीने अगदी स्वच्छ आहे. इंग्रजी सत्तेखालील या देशात १८८४ साली गेलिक क्रीडासंघटना स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे देशी खेळ जपणे हा तिचा हेतू होता. पुढे संघटनेने असा नियम केला की तिच्या सभासदाने क्रिकेट, रग्बी, फुटबॉल असे ‘परकीय’ खेळ खेळू नयेत. ते पाहायलाही जाऊ नये. हा नियम १९७१ साली रद्द झाला. आजही मोठमोठ्या मैदानांवर खेळणारे तेथील गेलिक खेळाडू मानधनावर नव्हे, तर आपल्या गावासाठी आणि परगण्यासाठी खेळतात. सवय आणि अभिमान यांची गाठ तेथे राष्ट्रीय चळवळीने हेतुपुरस्सर मारली.

भारतात तसे झाले नाही. आपण राज्यकर्त्यांचा खेळ नाकारला नाही. तो उचलला आणि त्यात त्यांना हरवण्याचे स्वप्न पाहिले. परंतु आरंभी त्या अभिमानाचा ‘आम्ही’ राष्ट्र नव्हता. मुंबईतील प्रसिद्ध चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामने हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशा धर्मवार संघांत खेळले जात. १९४६ नंतर ते बंद पडले. आणि या ‘हिंदू’ संघाच्या आतही भिंती होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील बाळू पालवणकर हे त्या काळातील भारताचे श्रेष्ठ गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. पुण्यात मात्र त्यांच्याच संघातील सहकारी त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलायचा आणि मैदानाबाहेर त्यांच्या हातचा पेला कुणी धरायचा नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तोवर बराच संघर्ष करावा लागला. ‘संघाचा अभिमान’ हा शब्दप्रयोग वापरताना त्या संघात चहा कुठे दिला जात होता, हेही विचारले पाहिजे.

राष्ट्र म्हणून अभिमानाचा क्षण हॉकीने दिला. १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण होण्याआधी तीन दिवस, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर भारताने ब्रिटनचा ४-० असा पराभव करून ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. या विजयाला जी धार होती ती खेळातून आलेली नव्हती. ती समोरच्या संघामुळे आली होती.

अमेरिकेत आणखी वेगळा प्रकार दिसतो. तेथे देशांतर्गत बेसबॉल सामन्याआधीही राष्ट्रगीत म्हटले जाते आणि देशांतर्गत विजेतेपदाच्या मालिकेला ‘वर्ल्ड सीरिज’ असे नाव आहे. परदेशी संघ समोर नसतानाही तेथे राष्ट्र उपस्थित असते. आपल्याकडे तिरंगा प्रामुख्याने परदेशी संघ समोर आल्यावर हातात येतो. गावच्या आट्यापाट्यांच्या सामन्यात तो कुणाला आठवत नाही.

सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने शहराकडे येताना एक मोठे मैदान लागते. त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडणारे आणि पुढील वर्षी फाशी गेलेले कान्हेरे हेच. या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले आहेत. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नाशिककर आजही ‘गोल्फ क्लब’ असेच म्हणतो. साहेबाचा खेळ गेला, मैदानाला क्रांतिकारकाचे नाव दिले, मैदानावर साहेबाचाच दुसरा खेळ रंगतो आणि लोकांच्या जिभेवर पहिल्या खेळाचे नाव टिकून आहे. यात कुणाचा अनादर करण्याचा हेतू नसतो. अभिमान ठराव करून जाहीर करता येतो, सवय तशी बदलत नाही, एवढेच यातून दिसते.

पैलवान आणि पहलवान

आता इराणकडे वळू. जकार्तामधील पराभवानंतर आपल्याकडे ‘इराणला कबड्डीतले काय कळते’ असा सूर निघाला होता. मराठीच्या विद्यार्थ्याने तरी तो सूर लावू नये, कारण आपली खेळाची भाषाच त्याला उत्तर देते. पैलवान हा शब्द फारसी ‘पहलवान’ वरून आला. कुस्ती हा शब्दही फारसीच. तालीम मूळ अरबी, ती फारसीमार्गे आपल्याकडे पोचली. मैदानही त्याच वाटेने आले. इतकेच काय, क्रिकेटसाठी आपण जो ‘गोलंदाज’ शब्द वापरतो, तो मूळचा तोफेचा गोळा डागणाऱ्याचा. ‘तीरंदाज’ मधलाच फारसी ‘अंदाज’ त्यात आहे, आणि ‘फलंदाज’ त्याच धर्तीवर आपण घडवला. म्हणजे इंग्रजांचा खेळ मराठीत आणताना आपण फारसीचा आधार घेतला.

खेळाच्या बाबतीतही हे नाते दूरचे नाही. इराणच्या काही प्रांतांत दम धरून खेळण्याचा ‘झू’ नावाचा, आपल्या हुतूतूशी साम्य असलेला खेळ पूर्वीपासून आहे. आपल्या तालमीसारखा तेथे ‘झूरखाना’ असतो, म्हणजे बळाचे घर. तेथे मुद्गल फिरवले जातात, ढोलाच्या तालावर व्यायाम होतो आणि काव्यही म्हटले जाते. कुस्ती हा इराणच्या अभिमानाचा खेळ.

या अभिमानाची जात पाहण्यासाठी दोन माणसे शेजारी ठेवू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत इराणच्या घोलामरेझा तख्ती यांनी वरच्या वजनगटात रौप्यपदक घेतले आणि १९५६ साली सुवर्णपदक. तख्ती इराणमध्ये दंतकथा झाले. १९६२ च्या भूकंपानंतर ते तेहरानच्या रस्त्यांवर झोळी घेऊन मदत गोळा करीत फिरले. १९६८ साली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा सरकारने दिलेल्या कारणावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. इराणी परंपरेत ‘पहलवान’ म्हणजे केवळ बलवान नव्हे. दुबळ्याच्या बाजूने उभा राहणारा. तख्तींना लोकांनी त्या अर्थाने पहलवान मानले.

खाशाबांच्या वाट्याला काय आले? जाण्यासाठी पैसे उभे करताना गावाने वर्गणी काढली, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्वतः खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून मदतीची परतफेड केली, असे सांगितले जाते. पुढे ते पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले. १९८४ साली अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सुमारे दीड दशकाने. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो. गावाचा अभिमान तत्पर होता आणि राष्ट्राचा अभिमान पन्नास वर्षे उशिरा पोचला. या काळात भारतीयांचा क्रीडाभिमान नव्हताच असे नाही. तो आधी हॉकीकडे आणि १९८३ च्या विश्वचषकानंतर क्रिकेटकडे लागलेला होता. वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली.

आपला खेळ हरणे

टोकियोची तारीख मी वर मुद्दाम सांगितली नाही. व्हॉलीबॉलचा तो अंतिम सामना २३ ऑक्टोबर १९६४ रोजी झाला. त्याच दिवशी टोकियोच्या बुदोकान सभागृहात ज्यूदोच्या खुल्या गटाची अंतिम लढत होती. ज्यूदो हा जपानचा स्वतःचा खेळ. ऑलिंपिकमध्ये तो त्या वर्षी प्रथमच आला होता. हॉलंडच्या अंतोन खेसिंक यांनी जपानच्या अकिओ कामिनागा यांना हरवले. सभागृह सुन्न झाले. हॉलंडचे काही चाहते आनंदाने आखाड्याकडे धावले, तेव्हा खेसिंक यांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि मगच प्रतिस्पर्ध्याला अभिवादन केले. ज्यूदोची रीत परदेशी माणसाने पाळली होती.

एकाच दिवशी परक्या खेळात विजय आणि स्वतःच्या खेळात पराजय. जपानने हे आपल्याआधी चोपन्न वर्षे अनुभवले. ज्यूदो त्या पराभवाने खालावला नाही. हा खेळ केवळ जपान्यांचा नाही याची खात्री जगाला पटली आणि तो सर्व खंडांत पसरला.

कबड्डीच्या बाबतीत आपली धडपड जगाने हा खेळ स्वीकारावा हीच होती. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. शंकरराव साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंग येथे कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, २०१० साली महिलांची कबड्डीही आली. २०१४ पर्यंतची सर्व सुवर्णपदके भारताची. मग २०१८ साली आपले पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम फेरीत, दोन्ही संघ इराणकडूनच हरले.

जगाने खेळावे असे वाटत असेल, तर जगाला कुणीतरी शिकवले पाहिजे. शैलजा जैन यांनी ते केले. त्या फारसी शिकल्या, इराणी मुलींच्या सरावात योग आणि प्राणायाम आणला, आणि दम हा ज्या खेळाचा प्राण आहे त्यात त्या मुलींचा दम वाढवला. त्यांना देशद्रोही ठरवणारी काही भाष्ये तेव्हा ऐकू आली. मला ती खेळाचीही आणि देशाचीही नासमज वाटते. आपल्या मराठी शिक्षकाने परदेशात मराठी शिकवली आणि तिथल्या विद्यार्थ्याने उत्तम मराठी कादंबरी लिहिली, तर आपण शोक करू का? २०२३ साली हांगझौ येथे भारतीय महिलांनी सुवर्णपदक परत मिळवले, तेही चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ अशा एका गुणाने. त्या एका गुणाची थरारकता प्रतिस्पर्धी बलवान झाल्यामुळेच शक्य झाली.

कृती

आपण राहता किंवा काम करता त्या परिसरातील निरनिराळ्या वयाच्या तीन व्यक्तींशी बोला. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष कोणता खेळ खेळलात, आणि कोणत्या खेळातील विजयाने शेवटचे डोळे पाणावले होते, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तरे वेगळी आली तर त्यामागे जागा, पाळी, पैसा, शाळा, दूरदर्शन यांपैकी काय असावे, याची दीडशे शब्दांत नोंद करा. तिघांपैकी किमान एक व्यक्ती स्त्री असावी. ‘लग्नानंतर खेळलेच नाही’ असे उत्तर मिळाले, तर तेही जसेच्या तसे लिहा.